शिडाचा दोर आणि टेम्पोची गाठ

काशिनाथ, तुझ्या तिरडीच्या गाठी मी मारल्या. तुला कळलं असतं तर तिथेच उठून बसला असतास. तुमच्या झाई बंदरात दोराला हात लावायचा तो तू, नाहीतर तुझ्या आळीतला कुणीतरी. तलासरीच्या टेम्पोवाल्याला तिथे कोण विचारतो? पण त्या सकाळी सगळेच रडत उभे होते, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि कुणीतरी काथ्याची दोरी माझ्या हातात दिली. मी चिखलात उकिडवा बसलो आणि बांधायला लागलो. अशा वेळी हात आपले आपणच चालतात. बांधून झाल्यावर बघतो तर सगळ्या गाठी त्याच, ज्यांच्यावरून तू चार वर्षं माझं डोकं खाल्लंस.

तेव्हा आज मी लिहायला बसलोय तो आपलं भांडण पुरं करायला. तू अर्ध्यात उठून गेलास. जाळं शिवता शिवता भिंतीला टेकलास आणि गेलास, असं तुझ्या पोराने, दिनेशने, फोनवर सांगितलं. याला काय म्हणायचं? वाद रंगात आला की उठून जायची तुझी खोड जुनीच. तू माणूस कसा होतास, किती जणांच्या होड्या वाचवल्यास, ते झाईतले लोक सांगतील, त्यांना दुसरा उद्योग नाही. मला फक्त त्या खेपेबद्दल बोलायचं आहे.

आठवण करून देतो, कारण तू प्रत्येक वेळी गोष्ट वेगळी सांगायचास. माझी वैशू, तुझी एकुलती एक भाची, लग्न करून समुद्रापार गेली, सौराष्ट्रात, जाफराबादला. जावई वापीच्या कारखान्यात होता तेव्हा जमलं, मग तो तिला घेऊन आपल्या गावी गेला, वडिलांच्या मासळीच्या धंद्यात. पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, अजिबात प्रवास करायचा नाही. म्हणजे बाळंतपणाला माहेरी यायचं राहिलंच. रंजना, माझी बायको आणि तुझी बहीण, सामान बांधून तिच्याकडे जाऊन राहिली. वैशू जे आईला बोलायची नाही ते फोनवर तुला बोलायची. "मामा, या वेळी राहील ने?" तू एकदाही "देवाला काळजी" वगैरे म्हणाला नाहीस. "राहील," म्हणायचास, "मी दोर घेऊन येतो."

हा दोर म्हणजे तुमच्या घराण्याचं खूळ. पहिल्या बाळाचा पाळणा मामाने आणायचा, हे सगळीकडेच आहे. पण तुमच्यात तो टांगायचा दोर शिडाचा लागतो, आणि नवा नाही चालत. एक खेप सोसलेला लागतो. होडीने समुद्रात जाऊन आलेला, वारं खाल्लेला. ज्याने होडी आवरली तो पोराला आवरेल, असं तुझी आई सांगायची. वैशू झाली तेव्हा तुझ्या बाबांनी त्यासाठी दमणपर्यंत शीड लावून फेरी मारली होती आणि मी तेव्हाही हसलो होतो. वैशू मात्र त्या पाळण्यात अशी झोपायची की रंजना उठून तिच्या नाकाशी बोट धरून बघायची.

मी तुला सरळ मार्ग सांगितला होता. पाळणा टेम्पोत टाकतो, सुरत, बडोदा, भावनगर, दुसऱ्या दिवशी दारात उतरवतो.

"आणि दोर?" तू विचारलंस.

"दोरही टेम्पोतच."

"टेम्पोतल्या दोराने काय सोसलं, भावोजी? खड्डे?"

हायवेवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे बोलणं! मी चिडलो. म्हटलं, एकदा पावसाळ्यात मनोरपासून तलासरीपर्यंत चिकूने भरलेली गाडी आणून दाखव, मग खड्ड्यांना नावं ठेव. तू म्हणालास, एकदा खंबातच्या आखाताच्या तोंडावरून शीड लावून जाऊन दाखवा, मग बोला. असं आपलं नेहमीच चालायचं. पण त्याच आठवड्यात रंजनाचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. मला पुरतं रडूही न देता तिने विचारलं, "पाळणा कुठाय?" आणि पुढे, "माझा भाऊ एकटा येणार नाही. तुम्ही बसा त्याच्यासोबत." मला पोहता येत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. मीच तिला लग्नाआधी सांगितलं होतं, उगीच फसवणूक नको म्हणून.

तुझी रोजची बोट इंजिनाची. पण दोर शिडाचा हवा, म्हणून निघाली ती शेवंती, तुझ्या आजीच्या नावाची, वडिलांच्या हातची होडी. तू तिला दर वर्षी ठिगळं लावायचास आणि रंग द्यायचास, बाकी काही काम सांगायचा नाहीस. माझ्या टेम्पोच्या हौद्याला जरासं शेपूट लावावं, एवढीच ती. सागाचा पाळणा मात्र तलासरीहून झाईच्या खाडीपर्यंत माझ्याच टेम्पोने आला, हे तू गोष्ट सांगताना नेमकं गाळायचास. मी तो डोलकाठीला टेकवून, वर ताडपत्री घालून, माझ्या गाठीने आवळला. तू वाकून गाठ बघितलीस.

"ही सुटते का?"

"टोक ओढलं की एका झटक्यात." ओढून दाखवलं. सुटली. पुन्हा बांधली. ती गाठ मला माझ्या उस्तादाने शिकवलेली. माल जितका हलेल तितकी आवळत जाते, आणि शेवटी टोक ओढलं की मोकळी. हायवेवरचा प्रत्येक माणूस तिच्यावर विसंबून असतो. तू नुसतं "हं" केलंस. मग म्हणालास, "पाळण्याला राहू द्या. शिडाचा दोर मात्र बांधायचा नाही. तो हातात धरायचा. काय पण झालं तरी हातात." हा एकच नियम तू मला सांगितलास. मी मान डोलावली.

भरतीच्या पाण्याबरोबर बाहेर पडलो. थंडी नुकती सुरू झाली होती, उन्हं कोवळी होती, आणि खरं सांगतो, पहिले काही तास मला फार आवडलं. मागे महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसत होता, त्याला तू हात जोडलेस, म्हणून मीही जोडले. तू सुकाणूवर बसून शेवंतीशी बोलत होतास. "चल बाय, हळू बाय, बराबर." मला वाटायचं माझ्याशीच बोलतोयस, मी दोनदा "काय?" म्हणून विचारलं. मग सुळका दिसेनासा झाला आणि मला दर्या लागला. पुढचं तुला माहीत आहे. मी कडेवर ओणवा पडून आतडी बाहेर काढत होतो आणि तू माझ्यासमोर बसून चिकू सोलून खात होतास. ते मी तुला अजून माफ केलेलं नाही.

तेवढ्यात ती गस्तीची बोट आली. आपल्याभोवती एक फेरी मारली. इंजिन नसलेली होडी एवढ्या आत काय करते, म्हणून त्यांना शंका येणारच. वरून एकाने ताडपत्रीकडे बोट दाखवून विचारलं, "इसमें क्या है?"

"पालना," तू म्हणालास.

"क्या?"

तू ताडपत्री वर केलीस. ते सगळे कठड्यावर वाकून बघायला लागले. "किसका?"

"इनकी नातिन का." तू माझ्याकडे बोट केलंस. मी त्या वेळी पुन्हा कडेवर ओणवा होतो, त्यांना माझी पाठच दिसत असणार.

"और ये कौन?"

"ये नाना है," तू म्हणालास.

काय हसले रे ते! तुझे कागद बघितले, ते ठीक होते. मग पाण्याच्या दोन बाटल्या खाली सोडल्या आणि एकाने मला हात जोडले. नाना म्हणून मला मिळालेला पहिला नमस्कार तो. त्या अवस्थेतही मला बरं वाटलं.

रात्रीचं मी लिहीत नाही, कारण मी डोळे गच्च मिटून होतो. उजाडलं तेव्हा पाण्याचा रंगच बदलला होता, गढूळ, आपल्या वरोळी नदीला पूर येतो तसा. तू म्हणालास आखाताचं तोंड आलं. इथे दर्या दोन्हीकडून ओढतो, भरतीला आत, ओहोटीला बाहेर, आणि उत्तरेचं वारं त्याच्या उरावर बसलं की लाटा उंच होत नाहीत, उभ्या होतात. हे तू मला शांतपणे, मास्तर धडा समजावतो तसं सांगत होतास आणि शेवंती एकेका लाटेवरून धाडकन खाली आपटत होती. प्रत्येक वेळी वाटायचं, फळ्या आता उकलल्या. पाणी आत यायचं, मी तेलाच्या कापलेल्या डब्याने ते उपसायचो, पुन्हा यायचं. चूल पेटवायचा प्रश्नच नव्हता. गूळ-पोहे होते, ते खारट झाले. अंगावर सुका धागा नव्हता. दुपारपर्यंत जेवढं पुढे गेलो तेवढं ओहोटीने खाली ओढून नेलं, असं तू सांगितलंस, आणि तेही अशा आवाजात की जणू फाटक लागलंय, उघडेल.

"किती राहिलं?" मी विचारलं.

"तुमच्या गाडीत बसून मी विचारतो का?"

"विचारतोस! दर वेळी विचारतोस! चारोटी आली का, चारोटी आली का!"

"मग तुम्ही काय सांगता?"

"येईल म्हणून."

"येईल," तू म्हणालास.

त्या दुपारी मी इतका घाबरलो होतो की काय बोलतोय तेच कळत नव्हतं. मी तुला म्हणालो, "काशिनाथ, आपण मेलो तर वैशूला तोंड कसं दाखवायचं?" तू माझ्याकडे बघितलंस, आणि सुकाणू धरून असा हसलास, असा हसलास, की मलाही हसू आलं. वारं कानात शिट्या मारत होतं आणि आपण दोघं म्हातारे होऊ घातलेले बाप्ये वेड्यासारखे हसत होतो. तुझ्याबद्दल विचार केला की मला आधी ते हसणं आठवतं. आयुष्यात मी इतका घाबरलो कधी नव्हतो आणि इतका हसलोही नव्हतो.

मग ते झालं. पुढच्या बाजूने पाणी फार यायला लागलं म्हणून तू सुकाणू काखेत दाबून स्वतः उपसायला घेतलंस आणि शिडाचा दोर माझ्या हातात दिलास. मी धरला. खूप वेळ धरला. तळहातांची सालं निघाली, मिठाने आग आग झाली, बोटं वळेनात. आणि टेम्पोवाल्याच्या हाताला ताणलेला दोर आणि समोर आडवी फळी दिसली की काय होणार? मी फळीला एक वेढा दिला आणि माझी गाठ मारली. टोक बाहेर ठेवलं. हात मांड्यांमध्ये दाबून जरा बसलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

झोत आला तो उजवीकडून. शीड गच्च भरलं आणि शेवंती कलंडली ती कलंडतच गेली. कडेवरून पाणी पडदा सरकवावा तसं आत आलं. पाळणा माझ्या खांद्यावर रेलला. तू ओरडलास, "सोडा! दोर सोडा!" मी वाकलो, टोकाला हात घातला, टोक माझ्या बोटांत होतं काशिनाथ, आणि तेवढ्यात तुझा कोयता माझ्या बोटांजवळून खाली आला. दोर तुटला. शीड फडफडायला लागलं आणि होडी हळूहळू सरळ झाली. दोराची उरलेली गुंडाळी पाण्याबरोबर कुठल्या कुठे गेली.

इथून आपलं भांडण सुरू होतं. माझं म्हणणं, तू डोळ्याची पापणी लवेपर्यंत थांबला असतास तर गाठ सुटली असती, दोर वाचला असता. तुझं म्हणणं, त्या पापणीत आपण खाली असतो. मी म्हणायचो, टोक माझ्या हातात होतं. तू म्हणायचास, ओला दोर, वर एवढा ताण, ती गाठ सात जन्मात सुटली नसती. हे आपण त्याच दिवशी, गुडघाभर पाण्यात उभं राहून, उपसता उपसता भांडायला लागलो. मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, भांडलो म्हणून टिकलो. भांडणारा माणूस रडत नाही.

संध्याकाळकडे वारं पडलं. आणि तेव्हा तुझ्या लक्षात आलं की दोर आता पाळण्याला पुरणार नाही. एवढ्या वादळात गप्प बसला नाहीस तो तेव्हा बसलास. वैशूला दिलेला शब्द होता ना. मी म्हटलं, "जाऊ दे, तिकडे बाजारात दोर मिळेल." तू ऐकलंही नाहीस. नांगराचा दोर ओढलास, त्यातला तुकडा कापलास, आणि दोन्ही दोरांच्या टोकांचे पेड उकलून एकमेकांत ओवायला लागलास. "नांगराच्या दोराने पण खेप सोसली ने," एवढंच म्हणालास. सुकाणू मला धरायला दिलंस, दूरवरचा एक दिवा दाखवलास आणि सांगितलंस, नाक तिकडे ठेवा. मी ठेवलं. तुझी बोटं थरथरत होती. मला वाटलं थंडीने. नंतर कितीदा विचारावंसं वाटलं, तू घाबरला होतास का रे त्या दिवशी? पण विचारलं नाही. तू हो म्हणाला असतास तर मी मनाने आजही त्या होडीत बसलेलो असतो.

जाफराबादच्या खाडीत शिरलो तेव्हा काठावरून पोरं ओरडत सुटली, "मामा आव्या! मामा आव्या!" मला कुणी विचारलंच नाही. मी जमिनीवर पाय ठेवला तर जमीन हलत होती, दोघांनी दंडाला धरून घरी नेलं. वैशू दारात उभी होती, बाळाला घेऊन. तिने आधी तुझ्याकडे बघितलं, मग पाळण्याकडे, मग माझ्या अवताराकडे, आणि ती रडायला लागली. तू म्हणालास, "रडते काय? बापाला तुझ्या दर्या लागलाय, लिंबू दे त्याला."

बारशाच्या आदल्या दिवशी तू पाळणा टांगायला घेतलास. वैशूच्या सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "दोरी वच्चे गांठ छे, मामा?" सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न, दोरीत मध्येच गाठ कशाला? आधीचं बाळ गेलेलं घर, अशा घरात प्रत्येक गोष्ट लोक शकुन म्हणून बघतात. तू शिडीवरून खाली उतरलास, त्यांच्या हातात दोर दिलास. "गांठ नथी, वेवाण. जोड छे. बोट फिरवून बघा." त्यांनी डोळे मिटून दोरावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. जोड कुठे सुरू होतो ते त्यांना सापडेना. हसल्या. म्हणाल्या, "ना, लागती नथी." तेव्हा वैशूने धरून ठेवलेला श्वास सोडला, तो मी ऐकला.

नातीचं नाव तेजल ठेवलं, ती त्या पाळण्यात झोपली. आता चार वर्षांची होईल, एका जागी बसत नाही. काशिनाथ, हे तू हयात असताना मी बोललो नाही, तेव्हा आता ऐक. तुझ्या त्या खुळाशिवाय पोरगी वाचली नसती असं मी म्हणणार नाही. पोरं दोरांनी वाचत नाहीत. पण माझी वैशू त्या दिवसापासून रात्री निवांत झोपायला लागली. ते माझ्या टेम्पोने झालं नसतं. मी तुझा फार ऋणी आहे. बघ, तोंडावर बोललो असतो तर तू किती छळलं असतंस.

पुढे काय, आपण भेटलो की भांडण. अंगणात टेम्पोचा दोर काढायचो, बैठकीच्या खांबाला बांधायचो, ओढायचो, सुटायची. "सुका आहे," तू म्हणायचास. म्हणून एकदा बादलीत भिजवून दाखवला. सुटली. तू चहाचा घोट घेतलास आणि म्हणालास, "हे गोडं पाणी, भावोजी." रंजना तेव्हा आपल्या दोघांनाही घराबाहेर काढायच्या बेतात होती. नारळी पौर्णिमा झाली की शेवंतीत बसून भर समुद्रात सोक्षमोक्ष लावू, असं दर वर्षी ठरायचं. दर वर्षी माझ्या गाडीला नेमकी भाडी निघायची. त्यातली काही मीच काढायचो, हे तू ओळखून होतास.

आणि मग गेल्या दिवाळीनंतर आमची तलासरी भूकंपाने हलायला लागली. भांड्यांचा खणखणाट, भिंतींना भेगा, लोक घर सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहायला आले, आम्हीही आलो. तू ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी हजर, बर्फाच्या पेटीत बोंबील घेऊन. आपण चहा घेत होतो तेव्हा धक्का बसला, कप बशीत नाचला. तू कप उचलून धरलास, धक्का जाऊ दिलास आणि म्हणालास, "आयुष्यभर सांगत होता ने, जमीन हलत नाही म्हणून?" मग हसणं थांबवून मला दाखवलंस, पाय असे पसरून बसा, कंबर ढिली सोडा, होडीत बसता तसं. आजूबाजूची पोरं तसंच करून बघायला लागली. त्या महिन्यात अख्ख्या आळीत भीतीवर कुणी काही सांगू शकलं नव्हतं, ते तू सांगून गेलास. मी आजही धक्का आला की तसाच बसतो.

तर तुझी तिरडी. स्मशानात दोऱ्या सोडायची वेळ आली. तुझा एक शेजारी कोयता घेऊन पुढे झाला. मी म्हटलं, थांब. पावसाने दोरी चिंब भिजली होती, खांद्यांवरून एवढं लांब आणल्यामुळे गाठी करकचून आवळल्या होत्या. मी एक टोक धरलं आणि ओढलं. सुटली. दुसरं ओढलं, सुटली. सगळ्या, एका झटक्यात एकेक. मी जिंकलो, काशिनाथ! मी सवयीने तुझ्याकडे बघितलं. आणि मग मला जे रडू आलं ते कुणाला आवरेना. लोकांना वाटलं, मेव्हण्यासाठी रडतोय. तुझं उत्तर मला ऐकू येत होतं. गोडं पाणी, भावोजी.

तुमच्याकडे अस्थी होडीत ठेवून नेत नाहीत. दर्याचा माणूस माल म्हणून जात नाही, म्हणून मडकं होडीच्या कडेला बाहेरून बांधायचं, ते पाण्याला टेकत, लाटा खात जातं, आणि खाडीच्या तोंडाबाहेर सोडून द्यायचं. पावसाळ्याची बंदी उठून होड्या सुरू झाल्या होत्या, दिनेशने शेवंती काढली, आणि तिच्याच शिडाच्या दोराचा तुकडा कापून दिला. मडक्याच्या गळ्यात अडकवून कडेला बांधायचं काम मी मागून घेतलं. माझी गाठ मारली. टोक बाहेर ठेवलं. तुझा सोक्षमोक्ष.

रंजना माझ्याशेजारी बसली होती. वाटेत पाणी बरंच उसळत होतं, मडकं हेलकावे खात होतं, दोर ताणत होता, सैल पडत होता, पुन्हा ताणत होता. मला उलटी झाली नाही, हे नोंदवून ठेव. खाडीच्या बाहेर आल्यावर दिनेशने शीड सैल सोडलं. होडी डुलायला लागली. मी वाकलो, टोक धरलं आणि ओढलं.

नाही सुटली.

पुन्हा ओढलं. पायाचा रेटा कडेला देऊन ओढलं. गाठीचा दगड झाला होता. पापणी लवेपर्यंतचा वेळ मी तुझ्याकडे चार वर्षं मागत होतो; त्या दिवशी मला कितीतरी पापण्या मिळाल्या, कुणी ओरडत नव्हतं, होडी कलंडत नव्हती, आणि तरी सुटली नाही. रंजनाने बराच वेळ बघितलं. मग तुझा कोयता उचलून माझ्या हातात दिला आणि हलकेच म्हणाली, "अहो, कापा आता."

कापला. मडकं दोन लाटांवर तरंगलं आणि गेलं. गाठ कडेला तशीच राहिली आहे. दिनेश काढतो म्हणाला, मी नको म्हटलं. तू बरोबर होतास, काशिनाथ, झाईत सगळ्यांसमोर सांगायला तयार आहे. पण गाठ चांगली बसली होती, एवढं तरी कबूल कर.